गंजलेल्या ट्यूबांची हायड्रो टेस्ट : काटा नंतर, ट्यूबशीट आधी

"साहेब, अर्धा तास झाला, काटा जाग्यावरनं हललेला न्हाई. पास!"

एप्रिल महिना, सकाळचे अकरा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं बॉयलिंग हाऊस. पत्रे बदलायला काढलेले, ज्यूस हीटरचं, म्हणजे वाफेनं उसाचा रस तापवणाऱ्या यंत्राचं, लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण) उतरवलेलं, ऊन थेट शेलवर, म्हणजे ट्यूबांभोवतीच्या बाहेरच्या टाकीवर. हायड्रो टेस्ट चालू होती: शेल पाण्यानं भरून दाब द्यायचा आणि प्रेशर गेजचा काटा पडतो का ते बघायचं. मी काटा बघितला, रिपोर्टवर सही केली आणि चहाला गेलो.

काटा का हलला नाही, हे नोव्हेंबरात कळलं. गळीत सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तेवढ्यात लॅबमधून फोन आला. कंडेन्सेटच्या (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) नमुन्यात अल्फा-नॅप्थॉल घालून वरून सल्फ्युरिक आम्ल सोडलं की जांभळं कडं उमटत होतं. म्हणजे कंडेन्सेटमध्ये साखर. म्हणजे रस ट्यूब फोडून व्हेपरच्या, म्हणजे वाफेच्या, बाजूला जातोय आणि तिथून बॉयलरच्या पाण्यात. भर हंगामात हीटर बाजूला काढावा लागला.

झालं होतं ते असं. पाण्यानं गच्च भरलेलं, चहूकडून बंद शेल एका अंशानं तापलं तरी आतलं प्रेशर दोन-तीन किलोनं चढू शकतं. गळती प्रेशर उतरवत होती, ऊन ते चढवत होतं आणि काटा मध्ये उभा होता. खालचं कव्हर उघडंच होतं, थेंबही पडत होते. पण ट्यूबा आदल्या रात्री धुतलेल्या होत्या, त्यामुळे ते धुतल्याचं पाणी समजून कुणी वर मान करून बघितलं नाही.

पुढचं सगळं त्या सहीच्या खर्चातून शिकलेलं आहे. उदाहरणं ज्यूस हीटरची आहेत, पण ट्यूबशीट (ट्यूबांची टोकं ज्यात बसवलेली असतात तो भोकांचा जाड पत्रा) दोन्हीकडून पक्की असलेल्या कुठल्याही शेल-ट्यूब हीट एक्स्चेंजरला हाच क्रम चालतो: डिस्टिलरीचा कंडेन्सर असो, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतला ऑइल कूलर असो, नाहीतर इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधला हीटर. बॉयलरच्या ट्यूबा हा वेगळा विषय. तिथं बॉयलर इन्स्पेक्टरच्या परवानगीशिवाय पंपाला हात लावू नका. खाली "किलो" म्हटलंय ते दर चौरस सेंटिमीटरला किलो, आपण शॉप फ्लोअरवर म्हणतो तसं.

## १. पंपाआधी कागद

हीटरचं ड्रॉइंग, नेमप्लेट आणि गेल्या वर्षीचा प्लगचा नकाशा, म्हणजे कुठल्या ट्यूबा बूच ठोकून बंद केल्या तो. हे तीन हातात नसतील तर टेस्टची तारीख पुढे ढकला.

ड्रॉइंगवरून दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या: शेल साइडचं डिझाइन प्रेशर आणि ट्यूब साइडचं डिझाइन प्रेशर. ज्यूस हीटरमध्ये या दोघांत मोठी तफावत असते. शेलमध्ये कमी दाबाची व्हेपर, ट्यूबमध्ये पंपानं ढकललेला रस. समजा शेलचं २ किलो आहे आणि ट्यूबचं ७. एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ या प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडप्रमाणे हायड्रो टेस्टचं प्रेशर किमान १.३ पट धरतात, म्हणजे शेलला २.६ आणि ट्यूबला ९.१ किलो. त्यात तापमानाची दुरुस्तीही असते, ती डिझाइनवाल्याकडून घ्या. जुन्या ड्रॉइंगवर १.५ पट दिसलं तर गोंधळू नका. १९९९ पर्यंत त्या कोडमध्ये तोच आकडा होता.

पण हे आकडे नव्या हीटरचे. पंधरा हंगाम काढलेल्या, शेल पातळ झालेल्या हीटरला कोरं ड्रॉइंग बघून पंप मारायचा नसतो. शेलची जाडी अल्ट्रासोनिकनं मोजून घ्या आणि आजच्या जाडीला किती प्रेशर द्यायचं ते सक्षम व्यक्तीकडून लेखी घ्या. इथं सक्षम व्यक्ती म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेला माणूस, "आपला अनुभवी मिस्त्री" नव्हे.

तपासा: गेज कुठं बसणार? दहा मीटर पाण्याच्या उंचीला साधारण एक किलो. पंप तळमजल्यावर आणि हीटरचा माथा सहा मीटर वर असेल, तर पंपाजवळचा काटा २.६ दाखवत असताना माथ्यावर २.० च असतात. उलट माथ्यावर २.६ धरले तर चार मीटर उंच शेलच्या तळाला ३.० येतात. दहा किलोच्या टेस्टमध्ये याकडे कानाडोळा चालेल, अडीच किलोच्या टेस्टमध्ये नाही. मुख्य गेज माथ्यावर बसवा आणि तळाला जास्तीचं किती येतं ते टेस्टचं प्रेशर ठरवणाऱ्याला सांगा.

## २. प्रेशर कुठल्या बाजूनं द्यायचं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

गळकी ट्यूब *कुठली* हे शोधायचं असेल तर शेलमध्ये पाणी भरून प्रेशर द्यायचं आणि दोन्हीकडची चॅनेल कव्हरं (टोकांची झाकणं) उघडी ठेवून ट्यूबांची तोंडं बघायची. उलट केलंत, म्हणजे कव्हरं लावून ट्यूबमध्ये प्रेशर दिलंत, तर शेलच्या ड्रेनमधून पाणी येईल. पण अडीचशेपैकी कुठल्या ट्यूबचं, ते कळणार नाही.

म्हणून काही जण शेलमध्येच ट्यूबचं ९ किलो चढवतात, "रस तेवढ्यानंच चालतो की" म्हणून. असं करू नका. २ किलोसाठी बांधलेलं शेल त्यानं फुगतं, आणि बेलोज (शेलला लांबायला-आखडायला वाव देणारा घड्यांचा भाग) असेल तर आधी तो जातो.

आता ट्यूबकडे बघू. ४५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, नवी असताना १.२ मिलिमीटर जाडी, स्टेनलेस. ती झिजून सगळीकडून ०.३ मिलिमीटर उरली असं धरा. आतून ९ किलो दिलं तर पत्र्यावर ताण येतो ९ × ४५ ÷ (२ × ०.३), म्हणजे ६७५ किलो. साधं ३०४ स्टेनलेस दोन हजार किलोच्या आसपास जाऊन मग ताणून बसतं. म्हणजे तीन चतुर्थांश संपलेली ट्यूब आतल्या प्रेशरच्या टेस्टमध्ये आरामात पास. तीच ट्यूब बाहेरून दाबली तर गणित उलटतं. इतकी पातळ लांब नळी हिशेबानं १.३ किलोच्या आसपासच चपटी होते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, टेस्ट पास म्हणजे आज भोक नाही, एवढंच. हंगाम निघेल का, हे काटा सांगत नाही. दोन, शेल साइडच्या टेस्टमध्ये एखादी ट्यूब अचानक चेपली तर पंपवाल्याला शिव्या देऊ नका. ती ट्यूब आधीच गेलेली होती.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी शेल साइड, शेलच्या मर्यादेत, तोंडं उघडी ठेवून. सापडलेल्या ट्यूबा दुरुस्त. मग कव्हरं बसवून ट्यूब साइड, तिच्या पूर्ण टेस्ट प्रेशरला.

## ३. हीटर बाकीच्या लाइनपासून तोडा

व्हॉल्व्ह बंद म्हणजे लाइन बंद नाही. हंगामभर चाललेला व्हॉल्व्ह पास करतोच, म्हणजे बंद असूनही थोडं पाणी सोडतोच. मग काटा पडतो आणि माणसं ट्यूबमध्ये गळती शोधत बसतात. प्रत्येक फ्लँजमध्ये ब्लाइंड, म्हणजे लाइन बंद करणारी भरीव चकती, टाका: व्हेपर इनलेट, कंडेन्सेट, अमोनिया व्हेंट (थंड होऊनही पाणी न होणारे वायू बाहेर सोडणारी लाइन), ड्रेन. ब्लाइंडची जाडी प्रेशरला पुरेशी आहे ना, हे आधी बघा. दुसऱ्या कामातला उरलेला दोन मिलिमीटरचा पत्रा कापून घातलेला ब्लाइंड मी डब्याच्या झाकणासारखा फुगलेला पाहिलाय.

व्हेपर लाइनचा ब्लाइंड शेलच्या अगदी जवळ घ्या. नाहीतर ती जाडी लाइनसुद्धा पाण्यानं भरते, आणि तिचे सपोर्ट वाफेच्या वजनासाठी असतात, पाण्याच्या नाही. सव्वा मीटर व्यासाच्या, चार मीटर उंचीच्या मोकळ्या शेलमध्येच जवळपास पाच हजार लिटर मावतात. ट्यूबांनी अडवलेली जागा वजा करा, तरी टनात वजन राहतं. खालच्या बीमवर गंजाचे पापुद्रे सुटले असतील तर आधी तिकडं बघा.

सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथं ब्लाइंड टाका. त्याच्या बदल्यात टेस्ट पंपाच्या लाइनवर टेस्ट प्रेशरच्या थोडं वर सेट केलेला छोटा रिलीफ व्हॉल्व्ह लावा.

थांबा: प्रत्येक ब्लाइंडला नंबर टाका आणि यादी फळ्यावर लिहा. शेवटच्या टप्प्यात तीच लागणार आहे.

## ४. आधी सफाई, मग टेस्ट

ऑफ सीझनला कामाची घाई असते. टेस्टिंगचं पथक मोकळं असतं आणि ट्यूब साफ करणारं यायचं असतं, म्हणून "टेस्ट उरकून घेऊ, सफाई मागनं" असं ठरतं. टेस्ट पास होते, सफाई होते, आणि गळती हंगामात सापडते.

कारण स्केल. ट्यूबच्या आत बसलेला थर पिनहोलवर खपलीसारखा बसतो आणि दोन-अडीच किलोला ते छिद्र झाकून धरतो. कॉस्टिक उकळून, ब्रश किंवा कटर मारून तो थर निघाला की छिद्र उघडं पडतं. म्हणून खपली आधी काढायची. आम्ल वापरणार असाल तर इन्हिबिटर (धातूला आम्लापासून वाचवणारं रसायन) घालूनच, वेळ पाळून, आणि नंतर भरपूर पाण्यानं धुऊन. आम्लाचा अंश आत राहिला तर पावसाळाभर तो ट्यूबा खात बसतो.

साफ केल्यावर एकेका ट्यूबमधून टॉर्च मारून बघा. वरून एकानं टॉर्च धरायची, खालून दुसऱ्यानं बघायचं. खड्डे, खाचा, एका अंगाची झीज डोळ्यांनी दिसते. व्हेपर इनलेटच्या समोरच्या दोन ओळी आणि वर जिथं न जमणारे वायू साचतात तिथल्या ट्यूबा विशेष बघा. पितळी ट्यूबा असतील तर व्हेपरमधल्या अमोनियाचा मार तिथंच बसतो.

## ५. ट्यूबशीट कोरडी करा आणि नकाशा काढा

या टप्प्याला दिवसाचा अर्धा वेळ द्यावा लागला तरी द्या.

धुतलेल्या उभ्या ट्यूबांमधून तासन्‌तास पाणी झिरपत राहतं. आधी कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक ट्यूबमधून वरून खाली मारा. मग ट्यूबशीट फडक्यानं पुसा, दोन ट्यूबांच्या मधल्या बारीक पट्ट्यासुद्धा. आणि शेलमध्ये पाणी घालण्याआधी तासभर थांबून परत बघा. कुठून थेंब येतोय? येत असेल तर अजून कोरडं झालेलं नाही.

कोरड्या ट्यूबशीटवर खडूच्या पुडीचा पातळ हात फिरवा. शाळेचे पांढरे खडू फोडून, स्पिरिटमध्ये कालवून, ब्रशनं. सुकला की सगळं पांढरंफटक दिसतं, आणि मग मोहरीएवढा ओलावासुद्धा करड्या डागासारखा उठून येतो. आमचे मिस्त्री मामा याला "लग्नाची रंगरंगोटी" म्हणायचे आणि दरवेळी कुरकुरायचे. पण भिंगाशिवाय गळती दाखवतो तो खडूच.

नकाशा म्हणजे ट्यूबशीटचा कागदावरचा आराखडा: ओळ आणि ओळीतला नंबर. कुठून मोजायचं ते एकदाच ठरवा, उदाहरणार्थ व्हेपर इनलेटची बाजू म्हणजे ओळ १. वरच्या आणि खालच्या ट्यूबशीटवर तोच क्रम ऑइल पेंटनं लिहा. खालून बघणाऱ्याचं डावं ते वरून बघणाऱ्याचं उजवं होतं. ही चूक इतकी सोपी आहे की दरवर्षी कुठं ना कुठं एका टोकाला गळक्या ट्यूबला आणि दुसऱ्या टोकाला चांगल्या ट्यूबला प्लग बसतो. मग हीटर गळतोही आणि दोन ट्यूबा बादही होतात. खात्री करायची असेल तर वरून एक वायर सोडा. ती ज्या तोंडातून खाली येईल ते तुमचं.

गेल्या वर्षीचे प्लग हातानं हलवून बघू नका, नुसते मोजा. सैल वाटणारा प्लग दिसला तर टेस्टच्या आधीच काढून नवा ठोका.

## ६. पाणी भरणं

खालच्या ड्रेनमधून भरा, वरचा व्हेंट उघडा ठेवा. व्हेंटमधून बुडबुडे न येता सलग धार आली की दहा मिनिटं थांबा. एखाद्या कोपऱ्यातली हवा उशिरा निघते. परत धार घ्या, मगच बंद. आत हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दबते. काही फुटलं तर पाणी तिथंच सांडतं, पण दबलेली हवा लोखंड फेकते.

स्टेनलेस ट्यूबा असतील तर पाण्यातलं क्लोराइड लॅबमधून मोजून घ्या. ५० पीपीएमच्या आत असावं. बोअरचं पाणी न मोजता वापरू नका.

आता कोल्हापूरची खास भानगड. टेस्ट जून-जुलैवर ढकलली गेली, बाहेर धो-धो पाऊस, हवेत ओल, आणि शेलमध्ये तुम्ही बोअरचं गार पाणी भरलंत, तर ट्यूबशीटला घाम फुटतो. अख्खी ट्यूबशीट! एकदा असं सव्वादोनशे ट्यूबा गळक्या ठरवून आम्ही डोकं धरून बसलो होतो. वळीव पडून गेल्यावरच्या संध्याकाळीही हेच होतं. पाणी एक रात्र टाकीत ठेवून हवेच्या तापमानाला आणा, आणि शेलला हात लावून ते गार लागत नाही ना ते बघा.

तपासा: पंप लावण्याआधी, नुसत्या भरलेल्या पाण्यावर अर्धा तास ट्यूबशीट बघा. मोठी भोकं इथंच दिसतात. त्यांच्यासाठी प्रेशर चढवायची गरज नाही.

## ७. प्रेशर चढवणं

हातपंप वापरा. सर्व्हिस वॉटरचा पंप जोडून "जरा झटका देऊ" हा उद्योग नको. भरलेल्या शेलला दोन-चार पेले पाणी जास्त गेलं तरी प्रेशर उडी मारतं.

गेज दोन, दोन्ही कॅलिब्रेट केलेले. रेंज टेस्ट प्रेशरच्या दुप्पट-अडीचपट असावी. २.६ किलोला ०-७ चा गेज चांगला. बॉयलरवरचा ०-२१ चा आणून लावलात तर काट्याच्या जाडीतच तुमची गळती लपेल.

वेळ पहाटे किंवा सकाळी लवकर. सहाला भरलेलं, सातला पंप, नऊच्या आत काम संपलेलं. उन्हाचा प्रश्नच मिटतो. शेलला एक थर्मामीटर चिकटवा आणि काट्याबरोबर तापमानही दर दहा मिनिटांनी लिहा. माझ्या त्या एप्रिलच्या रिपोर्टात हा एक रकाना असता तर नोव्हेंबरातला फोन आला नसता.

अर्ध्या प्रेशरला थांबा, बघा. मग थोडं थोडं वाढवत टेस्ट प्रेशरला न्या. पंप व्हॉल्व्हनं तोडा आणि अर्धा तास धरा. या वेळात जवळ कुणी नको. मग प्रेशर टेस्टच्या आकड्यावरून १.३ नं भागून येईल तिथपर्यंत उतरवा, आपल्या उदाहरणात २ किलोवर, आणि त्यानंतरच ट्यूबशीटजवळ जा.

थांबा: प्लगच्या समोर तोंड नेऊ नका. शेलमधून दाब आला की गंजलेल्या ट्यूबमधला ठोकलेला प्लग गोळीसारखा सुटतो. अशानं माणसं गेली आहेत. बाजूला उभं राहा, काठीला आरसा बांधा आणि टॉर्चनं बघा. उभ्या हीटरच्या खालच्या चॅनेलमध्ये डोकं घालून वर बघायचं तर सोडाच.

## ८. गळती वाचणं

थेंब दिसला म्हणून लगेच खडूनं फुली मारू नका. पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं.

ट्यूबच्या *आतून* येत असेल तर ट्यूबला भोक आहे. ट्यूब आणि ट्यूबशीट यांच्या *मधल्या फटीतून* येत असेल तर एक्सपांड केलेला (ट्यूबचं तोंड फुगवून घट्ट बसवलेला) जोड सैल आहे, ट्यूब चांगली असू शकते. दोन भोकांच्या मधल्या *पट्टीतून* येत असेल तर ट्यूबशीटला तडा आहे, आणि ते तुमचं-माझं काम राहत नाही.

उभ्या हीटरमध्ये फसवणूक होते ती अशी. वरच्या ट्यूबशीटवरचा एक जोड गळतो. ते पाणी शीटवर पसरतं आणि शेजारच्या चार चांगल्या ट्यूबांमध्ये उतरतं. खाली उभा असलेला माणूस चार ट्यूबा गळक्या म्हणून लिहितो. म्हणून आधी वरची ट्यूबशीट बघा, ती कोरडी ठरली की मग खालची. शंका असेल त्या ट्यूबच्या वरच्या तोंडात रबरी बूच घाला आणि आतून पुसून घ्या. खालचा थेंब थांबला तर पाणी वरून येत होतं.

आडव्या एक्स्चेंजरमध्ये वरच्या ओळीचं पाणी खालच्या ओळींवर ओघळतं, म्हणून वरून सुरुवात करा, पुसा, थांबा, मग खाली या. आडव्या लांब ट्यूबा दोन बॅफलमध्ये (आतल्या आधाराच्या पत्र्यांमध्ये) थोड्या झोळ खातात. भोक मध्ये असेल तर पाणी त्या झोळातच साचतं, तोंडापर्यंत येतच नाही. अर्ध्या तासानं प्रत्येक ट्यूबमधून काठीला बांधलेलं कोरडं फडकं आरपार ओढा. ओलं निघालं की सापडली.

## ९. शंकेच्या ट्यूबा, एकेक

शेलच्या कमी प्रेशरला बारीक छिद्र बोलत नाही. म्हणून टॉर्चमध्ये वाईट दिसलेल्या आणि गळक्या ट्यूबांच्या शेजारच्या ट्यूबा वेगळ्या तपासायच्या. एका टोकाला बंद बूच आणि दुसऱ्या टोकाला नळी जोडलेलं रबरी बूच, मधल्या बोल्टनं आवळून फुगणारं. उद्यमनगरात ट्यूबचा आतला व्यास सांगितलात तर कुठलाही टर्नर हे करून देतो. त्यातून पाण्यानं ट्यूब साइडचं प्रेशर द्या.

हवेनं हेच करायचा मोह होतो, कारण ओलं होत नाही. चार मीटरच्या एका ट्यूबमध्ये साडेपाच लिटरच्या वर जागा असते. तेवढी दाबलेली हवा बूच छातीत मारायला पुरेशी आहे. हवा वापरायचीच तर दाबून नव्हे, ओढून वापरा: व्हॅक्यूम लावा आणि काटा टिकतो का बघा. बूच उलट आतच ओढलं जातं.

## १०. रोल, प्लग की नवी ट्यूब

जोड गळत असेल तर एक्सपांडरनं हलका रोल. तोंडाशी ट्यूब आधीच पातळ असेल तर रोल करताना ती चिरते. दोनदा रोल करून थांबत नसेल तर तिसऱ्यांदा करू नका.

भोक असेल तर प्लग, आणि *दोन्ही* टोकांना. त्याआधी ट्यूबला मुद्दाम एक भोक पाडा, म्हणजे आत अडकलेलं पाणी हीटर तापल्यावर प्रेशर करून प्लग उडवणार नाही. प्लग निमुळता, टर्न केलेला, ट्यूबशीटच्या धातूशी जुळणारा असावा. लाकडी खुंटी फक्त भर हंगामातली रात्र काढायला.

किती प्लग चालतील? सगळे "दहा टक्के" म्हणतात, पण ते पासप्रमाणे मोजत नाहीत. पास म्हणजे रस एका फेरीत ज्यातून जातो तो ट्यूबांचा गट. २४० ट्यूबा, १२ पास, एका पासमध्ये २०. एकूण १२ प्लग म्हणजे पाच टक्के, ऐकायला बरं. पण गंज एका कोपऱ्यात खातो. त्यातले ८ एकाच पासमध्ये आले तर तिथं २० ऐवजी १२ ट्यूबा राहिल्या. रसाचा वेग जवळपास १.७ पट, त्या पासमधला प्रेशर ड्रॉप पावणेतीन पटीच्या आसपास. मग मिस्त्री म्हणतात, पंप दमला. अशा वेळी त्या पासच्या ट्यूबा बदलाच.

आणि एक गळकी ट्यूब पूर्ण उपसून काढा. उभी चिरा, आतून-बाहेरून बघा, कॅलिपरनं जाडी मोजा: वर, मध्ये, खाली. ०.३-०.४ निघाली तर शेजारची ओळही त्याच वाटेवर आहे, टेस्ट काहीही सांगो. बजेट असेल तर एडी करंट टेस्ट (ट्यूबची झीज दाखवणारी विद्युत तपासणी) करून घ्या. नसेल तर ही एक चिरलेली ट्यूब मॅनेजरच्या टेबलावर ठेवा. नव्या ट्यूबांचा इंडेंट मंजूर व्हायला मी यापेक्षा चांगला उपाय पाहिलेला नाही.

दुरुस्तीनंतर शेल साइड परत. ती कोरडी गेली की नवी गास्केटं, कव्हरं, आणि ट्यूब साइड पूर्ण टेस्ट प्रेशरला. या वेळी शेलचा ड्रेन उघडा ठेवा आणि खाली पांढरी बादली. अर्ध्या तासात बादलीत काय आलं ते बघा.

## ११. उतरवणं

प्रेशर सावकाश उतरवा. ड्रेन उघडायच्या *आधी* वरचा व्हेंट पूर्ण उघडा. व्हेंट बंद ठेवून पाणी सोडलं की आत व्हॅक्यूम तयार होतो, आणि पातळ शेल डब्यासारखं आत चेपतं. टेस्ट पास झालेला हीटर असा पाणी सोडताना गेलेला मी बघितलाय.

शेल आणि ट्यूबा दोन्ही हवा मारून वाळवा. ड्रेन उघडे ठेवा, तोंडाला जाळी लावा, नाहीतर दसऱ्यापर्यंत घुशी घर करतात. ज्या हीटरमध्ये टेस्टचं पाणी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तसंच राहतं, तिथं पुढच्या वर्षीची भोकं तिथंच तयार होतात.

रिपोर्टमध्ये तारीख, वेळ, सुरुवातीचं आणि शेवटचं प्रेशर, शेलचं तापमान, गेजचे नंबर, गळक्या ट्यूबा ओळ-नंबरसह, काय केलं ते, पासप्रमाणे एकूण प्लग आणि चिरलेल्या ट्यूबची जाडी. नकाशाची एक प्रत कव्हरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घालून बांधू नका, ती सडते. ऑफिसात ठेवा.

मग फळ्यावरची ब्लाइंडची यादी घ्या आणि काढलेले ब्लाइंड जमिनीवर मांडून मोजा. यादीत सात आणि जमिनीवर सहा असतील तर बॉयलर पेटवायला परवानगी देऊ नका. सातवा बहुतेक वेळा अमोनिया व्हेंटच्या लाइनीत सापडतो, कारण तो सगळ्यात वर असतो आणि शिडी कुणीतरी दुसऱ्या कामाला नेलेली असते.